आवाज आला की बटण दाबायचं

काचेपलीकडचा माणूस आपला नवरा आहे हे कळायला मला चार-पाच सेकंद लागले, आणि तेवढ्यात मी त्याच्याबद्दल मनात म्हणूनही गेले होते की ह्याला सगळं स्वच्छ ऐकू येतंय. सवय, दुसरं काय. अठ्ठावीस वर्षं मी काचेतून माणसांचे ऐकतानाचे चेहरे बघते आहे. इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर, कानाच्या विभागात, आतून स्पंज लावलेली एक खोली आहे, कपाटाहून थोडी मोठी. पेशंट आत बसतो, कानाला हेडफोन, हातात एक बटण. मी बाहेर मशीनपाशी, मध्ये जाड काच. मी सूर पाठवायचा, त्याने बटण दाबायचं, की माझ्याकडे दिवा लागतो. मग तोच सूर आणखी बारीक, आणखी बारीक, पार जाईपर्यंत. सगळ्यांना मी तेच सांगते, झोपेतून उठवलं तरी सांगेन: आवाज आला की बटण दाबायचं, अगदी बारीक आला तरी दाबायचं, आल्यासारखा वाटला तरी दाबायचं. माणूस खरंच ऐकायला लागला की त्याच्या तोंडावरचं सगळं उतरतं. मोठेपणा, लाज, घाई, घरून भांडून आलेला असला तर ते भांडण, सगळं. खालचा ओठ जरा सुटतो. डोळे मिटलेले असले तरी आत बुबुळं थांबलीत हे कळतं. असे दहा-बारा चेहरे मी रोज बघते, आणि कुणाचाही असला तरी तो चेहरा सुंदर असतो. माझ्या नवऱ्याचा तसा चेहरा मी लग्नाला सव्वीस वर्षं होऊन कधी पाहिला नव्हता.

शनिवार होता, दुपारचे साडेतीन. मशीन वर्षाच्या तपासणीला गेलं म्हणून मी लवकर सुटले होते आणि ऊन चुकवायला मागच्या रस्त्याने चालले होते. तिथे मोटारींचं एक बंद पडलेलं शोरूम आहे, भिंतभर काच असलेलं. आत मोटारींच्या जागी घडीच्या खुर्च्या, पंचवीसेक माणसं, काचेच्या बाजूला एक काळा पियानो, झाकण उघडं, आणि त्याच्यापुढे एक बाई, तिची फक्त एक बाजू मला दिसत होती. दुसऱ्या रांगेत कडेला माझा नवरा. जो त्या वेळी गावाबाहेर बाटल्यांच्या कारखान्यात असायला हवा होता, कारण गेले आठ महिने तो शनिवारी जादा पाळी करतो, असं मला सांगितलेलं होतं. काचेतून आवाज येत नव्हता. बाई मध्येच हात उचलायची, मध्येच नुसती बसून राहायची, आणि डोळे मिटलेल्या ह्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटायचं आणि हळूहळू जायचं. मी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. आत जाऊन गचांडी धरावी असं वाटलं नाही असं नाही, पण नेमकं काय धरायचं तेच कळेना. दुसऱ्या बाईबरोबर हातात हात घालून सापडला असता तर काय करायचं ते निदान ऐकून-वाचून माहीत असतं. हा तर पंचवीस माणसांत, हाताची घडी घालून, शाळेत बसावं तसा बसला होता. मी घरी आले आणि कांदे चिरायला घेतले, म्हणजे डोळ्यांबद्दल कुणाला काही सांगायला नको.

सव्वासहाला तो आला. चपला जागेवर ठेवल्या, नळाखाली हात धुतले. "कशी झाली पाळी?" मी विचारलं. "नेहमीसारखी," तो म्हणाला आणि हात पुसत खिडकीशी जाऊन उभा राहिला. खोटं बोलणारा माणूस पाल्हाळ लावतो म्हणतात. ह्याने एका शब्दात भागवलं. बोलण्यात तो पहिल्यापासून कंजूषच, पण ऐकण्यात नव्हता. लग्न झालं तेव्हा आम्ही एका खोलीत राहायचो, एकच खिडकी, तीही शेजारच्या भिंतीवर उघडणारी. मी कामावरून आले की सगळं सांगायची. कुठली नर्स कुणाला काय म्हणाली, कुठल्या म्हातारीने हेडफोन कानाऐवजी गळ्यात घातला. तो उपड्या बादलीवर बसून ऐकायचा आणि मी दम घ्यायला थांबले की म्हणायचा, "पुढे?" खरं सांगायचं तर मी त्या 'पुढे'शी लग्न केलं होतं. दिसायला तो बेताचा, नोकरी बाटल्या मोजायची. पण आपण बोलतो आहोत आणि समोरचा पुढचं मागतो आहे, हे सुख ज्याने घेतलंय त्यालाच ठाऊक. मग मुलगी झाली, मोठी झाली, लग्न होऊन लांब गेली, आणि ह्या सगळ्यात कधीतरी 'पुढे' गेलं आणि त्या जागी 'हं' आलं. मला वाटलं सगळ्यांचंच होतं तसं. वापरून वापरून दोर झिजतो, तसं. मी काही त्यावरून रडत बसले नाही. मी जोरात बोलायला लागले.

आणि गाण्याचं म्हणाल तर हा माणूस गाण्यातला नव्हेच. रेडिओ त्याच्या लेखी पंख्यासारखा, चालू असला म्हणजे झालं. दाढी करताना जे लागेल ते. आवडतं गाणं कोणतं विचारलं तर विचारात पडणारा. अशा माणसाने माझ्याशी आठ महिने खोटं बोलावं, तेही एका पियानोसाठी, हे माझ्या डोक्यात शिरेना. रात्री कपडे धुवायला घेताना मी त्याच्या पँटचे खिसे उलटे केले. बायका शोधतात तसली चिठ्ठी, केस, तिकीट, काही नाही. बाटलीची सात बुचं निघाली. पत्र्याची, कोरी, वर काही न छापलेली. ती मी खिडकीच्या कठड्यावर ओळीने मांडली आणि बघत बसले. दुसऱ्याचं बरं झालं की पोटात दुखतं म्हणतात ना, ते खरंच पोटात दुखतं, डावीकडे, बरगडीच्या खाली. मला मत्सर वाटत होता. कुणाचा ते नक्की नव्हतं. त्या बाईचा असेल, तिच्या त्या काळ्या खोक्याचा असेल, किंवा त्या चेहऱ्याचाच असेल, जो माझ्याच घरातला असून मला काचेतून बघावा लागला.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. बूथमध्ये बसलेल्या प्रत्येक पुरुषाकडे मी टवकारून बघत होते. सूर पाठवायचं विसरत होते, नाहीतर पाठवत सुटत होते. आमच्या विभागाबाहेर नंबर पुकारायला एक मावशी बसतात, तोंडाने फटकळ, मनाने सोनं. गुरुवारी त्या दार ढकलून आत आल्या. "बाई, एकाच कानात किती वेळ वाजवताय? म्हातारा झोपला आत." खरंच झोपला होता, बटण छातीशी धरून. मी त्याला जागं केलं, पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्याची बायको बाहेर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत होती, "काही झालेलं नाही ह्यांना. हवं तेवढं बरोबर ऐकू येतं." हे मी अठ्ठावीस वर्षांत किती बायकांकडून ऐकलंय त्याला गणती नाही. माझं उत्तरही ठरलेलं आहे: मुद्दाम करत नाहीत हो ते. जाड आवाज येतात, बारीक गेलेत. बोलणं ऐकू येतं पण उमगत नाही, मग माणूस 'हं' म्हणून मोकळा होतो. हे मी तिला सांगितलं, समजावून, हातावर हात ठेवून. त्याच संध्याकाळी घरी मी नवऱ्याला म्हणाले, "भिंतीशी बोललेलं बरं," आणि तो म्हणाला, "हं."

पुढच्या शनिवारी मी अर्धी रजा टाकली आणि शोरूममध्ये शेवटच्या रांगेत जाऊन बसले. तो पुढे, त्याच कडेच्या खुर्चीवर, मान जरा डावीकडे कललेली. मागे वळून बघायची त्याला गरज वाटली नाही. मग ती बाई आली. साठीची, आखूड कापलेले पांढरे केस, मळखाऊ रंगाचा सदरा, चष्म्याला दोरी. सुंदर असती तर सोपं गेलं असतं. हिच्यात हेवा करण्यासारखं काहीच नव्हतं, आणि ज्यात काही नाही त्याचा हेवा करणं फार दमवणारं काम असतं. तिने पत्र्याचा एक डबा उघडला आणि पियानोच्या पोटात वाकून तारांवर बुचं पसरली. कोरी, वर काही न छापलेली. माझ्या नवऱ्याची बुचं. मग ती वाजवायला बसली आणि सगळी बुचं तारांवर थरथरायला लागली, पातेल्यावर झाकण थडथडतं तशी. ह्याला संगीत म्हणायचं असेल तर माझं स्वयंपाकघर गेली कित्येक वर्षं मैफल भरवतंय, असं मी मनात म्हटलं आणि मला जरा बरं वाटलं. शेजारी एक कॉलेजातली मुलगी गंभीर तोंड करून वहीत काहीतरी लिहीत होती. मी पायाच्या अंगठ्याने फरशीवरचा मोटारीच्या तेलाचा जुना डाग कोरत बसले. नवऱ्याला घरी जाऊन काय काय ऐकवायचं त्याची माझी जुळवाजुळव सुरू झाली होती.

मग तिने बुचं काढून घेतली. एकेक, चिमटीने, सावकाश, आणि डब्यात ठेवली. बसली. एक सूर वाजवला, मधल्या पट्टीतला, आणि हात मांडीवर ठेवला. सूर त्या रिकाम्या फरशीवर उभा राहिला. बारीक झाला, आणखी बारीक. मग दुसरा. मग बराच वेळ काही नाही. मग दोन लागोपाठ, आणि पुन्हा काही नाही. माझा उजवा अंगठा आपोआप हलला. ती ठेका धरू देत नव्हती. हे मला कळतं, ह्यातच माझं आयुष्य गेलं. सूर ठरावीक अंतराने पाठवले तर पेशंट ऐकणं सोडतो आणि ठेक्यावर बटण दाबतो, म्हणून कधी लांबवायचं, कधी घाई करायची, कधी नुसतं बसून राहायचं. हे माझं काम होतं. अगदी हेच, तेच सूर, त्याच थांबण्याच्या जागा. अठ्ठावीस वर्षं मी हे रोज वाजवते आहे आणि माझ्या नवऱ्याने मला एकदाही विचारलं नाही की आत काय वाजतं. आणि खोटं बोलून तो हे दुसऱ्या बाईकडे ऐकायला येतो. माझे कान तापले. आणि तरीही, जीभ वळत नाही पण सांगते, ते चांगलं होतं. एका सुराच्या पोटातून दुसरा निघत होता, दुसऱ्यातून तिसरा, आधी नसलेला. तो कुठे संपला आणि आपल्याला नुसता आठवतोय कुठपासून, ते सांगता येईना. मी माझ्या कामात त्या जागेवर पोचले की कागदावर उजव्या कानाचा लाल गोळा काढते, डाव्याची निळी फुली, आणि पुढे जाते. ह्या बाईला पुढे जायची घाई नव्हती.

आणि मग तिने उजव्या टोकाची एक पट्टी दाबली. अगदी हलकी, काचेवर नखाने वाजवावं एवढी. सगळी रांग किंचित हलली. मुलीची पेन्सिल थांबली, समोरच्या गृहस्थाने पाय मागे घेतला, कुणी श्वास धरला. नवऱ्याची मान हलली नाही. बाईने पुन्हा तीच पट्टी दाबली. मी आता पियानोकडे बघत नव्हते, त्याच्या कानाकडे बघत होते. तिसऱ्यांदा दाबली. तो आधीच्या जाड सुराच्या मागे तसाच होता, समाधानात, मान कललेली, आणि वरचं सगळं त्याच्या डोक्यावरून जात होतं. तीस वर्षं बाटल्या पट्ट्यावरून एकमेकींवर आदळत जाताना हा त्यांच्याशेजारी उभा आहे. गावाचे कान मी तपासते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा, आणि दिवा मी.

तो घरी आला तेव्हा मी सातही बुचं टेबलावर ठेवली होती. "मी आज तिथे होते," मी म्हटलं, तोंड त्याच्याकडे करून, शब्द सुटे सुटे करून, पेशंटशी बोलते तशी. त्याने खुर्ची ओढली. चोरी पकडलेल्या माणसासारखा तो दिसला नाही, दमलेला दिसला. ती बाई बुचं मागायला कारखान्याच्या फाटकाशी आली होती, ह्याने पोतं उचलून शोरूमपर्यंत नेऊन दिलं, ती म्हणाली बसा थोडं, हा बसला. एवढंच.

"मला काय कळतंय त्यातलं," तो म्हणाला. "पण तिथे एका वेळी एकच आवाज येतो. येतो, राहतो, जातो. मला सबंध मिळतो. दुसरीकडे कुठे काही सबंध मिळत नाही आता."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू हसली असतीस." मी हसले असते, ह्यात वाद नाही. "आणि मग त्याच्यावर बोलायला लागली असतीस," तो म्हणाला. हे त्याने रागाने म्हटलं असतं तर मी उलट बोलू शकले असते.

सोमवारी मी त्याला बूथमध्ये बसवलं. मावशींनी नंबर पुकारला आणि मला डोळा मारला, "आज घरचं गिऱ्हाईक." मी त्याच्या कानांवर हेडफोन चढवले, बटण हातात दिलं, सगळं सांगितलं, आणि बाहेर येऊन काचेतून पाहिलं. तोच चेहरा. माझ्यासाठी, निदान माझ्या मशीनसाठी. खालचे सूर त्याने झटपट घेतले. मधले घेतले. पुढे आलेख उतरायला लागला आणि चार हजार कंपनांच्या उंच सुरापाशी जिन्यावरून पाय सुटावा तसा कोसळला. मी आवाज वाढवत गेले. तो माझ्याकडे बघत होता, अंगठा बटणावर, सगळा जीव कानात आणून, मी पाठवेन त्याची वाट बघत, आणि मी पाठवतच होते. दिवा लागत नव्हता. एकदा लागला, पण तेव्हा मी काहीच पाठवलेलं नव्हतं. मी गोळे आणि फुल्या काढत राहिले कारण कागदाकडे बघता येत होतं.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "रोज असंच असतं हे? तिच्यासारखंच आहे."

"तिच्यासारखं नाही," मी म्हटलं. "ती माझ्यासारखं करते."

दहा दिवसांनी कानाची मशीनं आली, दोन, कानामागे बसणारी, शेंगदाण्याएवढी. डॉक्टर सही करतात, मशीन जुळवायचं काम माझं. इथे मी जे केलं ते सांगते, आणि त्यावर पांघरूण घालत नाही. ही मशीनं बोलणं ऐकण्यासाठी बनवलेली असतात. बोलणं तुटक असतं, म्हणून सलग चालणारा आवाज आला की मशीनला वाटतं ही नुसती घरघर आहे, किंवा आपलीच शिट्टी वाजतेय, आणि ते तो दाबून टाकतं. लांब चालणारा पियानोचा सूर त्यात सापडला की थरथरतो, पत्र्यासारखा होतो, मध्येच तुटतो. गाणं ऐकणाऱ्यांसाठी मशीनमध्ये दुसरी जुळणी भरता येते, कानामागचं बटण दाबून त्यावर जाता येतं. भरायला वीस मिनिटं लागतात. माझ्याकडे ती वीस मिनिटं होती. मी भरली नाही. मी फक्त बोलण्याची जुळणी भरली, आणि ती तपासायला समोर बसून स्वतःच्या आवाजात बोलले, आणि माझा आवाज त्याला गोड लागेपर्यंत एकेक काटा फिरवला. नियमाबाहेर काही केलं नाही. कुणीही तपासलं असतं तरी उत्तम काम म्हणाले असते.

आणि काय सांगू, ते तीन आठवडे फार सुखाचे गेले. त्याला नळ ठिबकलेला ऐकू यायला लागला, माझी पावलं, मुलीच्या फोनवर मागून नातवाची बडबड. मी आतल्या खोलीतून पुटपुटले तरी बाहेरून उत्तर यायचं, तेव्हा पुटपुटण्याची पंचाईत झाली. मी बोलत सुटले. साचलेलं सगळं काढलं. तो समोर बसून ऐकायचा, मान डोलवायचा, योग्य तिथे हसायचा. पहिल्या शनिवारी तो शोरूमला गेला आणि तासाभरात परत आला. "पियानो बिघडलाय बहुतेक तिचा," म्हणाला. दुसऱ्या शनिवारी गेला आणि अर्ध्या तासात आला. तिसऱ्या शनिवारी गेलाच नाही, माझ्याबरोबर पडदे धुवायला लागला. मी जिंकले होते. पडदा पिळताना त्याचं एक टोक त्याच्या हातात, एक माझ्या, आणि मी काहीतरी सांगत होते, तेव्हा तो सहज म्हणाला, "खरं म्हणजे मला नीट ऐकू येत नव्हतं म्हणून ते चांगलं वाटत होतं. आता नीट येतं तर कळलं, नुसता पत्रा आहे. आठ महिने मी येड्यासारखा डोळे मिटून बसत होतो. लोक काय म्हणत असतील." आणि तो हसला. पडद्यातलं पाणी माझ्या कोपरावरून खाली गेलं. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. गेले तीन आठवडे मी ज्याला ऐकणं समजत होते तो चेहरा मला ओळखीचा होता. बूथमध्ये काही पेशंट असतात, चुकू नये म्हणून धडपडणारे, सूर येवो न येवो, समोरचीला बरं वाटावं म्हणून बटण दाबणारे. तो तसा माझ्यासमोर बसत होता.

तरीही मी लगेच सुधारले असं नाही. मी काही संत नाही. आधी मी एकटी शोरूमला गेले, का ते मलाही सांगता आलं नसतं. वाजवणं संपल्यावर बाई डब्यात बुचं भरत होती. "तुम्ही बुचंवाल्यांच्या कोण?" तिने विचारलं. माझा चेहरा तिला कुठे माहीत होता कोण जाणे. बायको म्हटल्यावर तिने चष्मा काढला. "ते येत नाहीत हल्ली. मला अडायला होतं. सूर कधी संपला हे वाजवणाऱ्याला कळत नाही हो, तो हातात घुमत राहतो. मी त्यांच्याकडे बघायची. त्यांनी मान उचलली की संपला, मग पुढचा." म्हणजे ती त्याच्या चेहऱ्याकडे बघून सूर सोडत होती. म्हणजे तिच्या बाजूनेही ते माझंच काम होतं. "वरचे सूर त्यांना लागत नाहीत," ती पुढे म्हणाली, "ते पहिल्याच दिवशी लक्षात आलं माझ्या. म्हणून त्यांच्यासाठी मी खालचे जास्त घ्यायची. घरी माहीत असेलच म्हणा."

"हो," मी म्हटलं. "माहीत आहे."

घरी परत येताना मी एक स्टॉप आधी उतरले आणि चालत राहिले. पहिल्या दिवशी. एका अनोळखी बाईला, कानाच्या शास्त्रातलं काही न शिकलेल्या बाईला, पहिल्या दिवशी. आणि कळल्यावर तिने त्याला न सांगता, त्याच्या कानाला जेवढं पेलेल तेवढं त्याच्या पुढ्यात ठेवलं. मी सगळं कळून त्याच्या कानात फक्त मला भरलं. तिचा राग करायला मला अजून एखादं कारण हवं होतं आणि ते सापडत नव्हतं, म्हणून राग जास्तच येत होता. आणि त्या सगळ्याच्या खाली, लहान मुलाने हट्ट धरावा तसं, मला तो चेहरा परत हवा होता. माझ्याकडे वळलेला नसला तरी चालेल. घरात असला म्हणजे झालं.

सोमवारी कामावर जाताना मी त्याला बरोबर नेलं. मशीनात एक गोष्ट राहून गेली होती म्हटलं. त्याने कान पुढे केले. वीस मिनिटं लागली. मग मी त्याचं बोट धरून कानामागच्या बटणावर ठेवलं. "आता हे बघ. दाबलंस की आत दोनदा टिक वाजेल. म्हणजे पियानो. परत दाबलंस की एकदा टिक. म्हणजे मी."

"आधी का नव्हतं हे?"

"मी भरलं नव्हतं," मी म्हटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. बाहेर मावशी कुणाचातरी नंबर तिसऱ्यांदा पुकारत होत्या. त्याला कळलं असावं. पण आमच्या घरात सगळं बोलून दाखवायचा मक्ता माझा आहे, त्याचा नाही. "पत्रा नाही तर ते," तो एवढंच म्हणाला. "नाही," मी म्हटलं. "तुला येत होतं ते बरोबरच येत होतं."

तो आता शनिवारी जातो, सांगून जातो. वरचे सूरही लागतात म्हणतो, आधी दचकायला झालं, आता नाही. मी गेले नाही पुन्हा. दोघींनी एकाच चेहऱ्याकडे बघत बसायचं, हे मला जमण्यातलं नाही. आणि एक गोष्ट मी मशीन जुळवताना विचारात घेतली नव्हती, इतक्या वर्षांच्या अनुभवानंतरही. ती टिक फक्त ज्याच्या कानात मशीन आहे त्यालाच ऐकू येते. बाहेरच्याला काही कळायचा मार्ग नाही. परवा रविवारी सकाळी आम्ही चहा घेत बसलो होतो. खिडकी उघडी होती, खाली कुणीतरी सायकलला हवा भरत होतं. तो केस मागे सारावेत तसा हात कानामागे नेऊन आणत होता, सवयच लागली आहे त्याला. मी मावशींची गोष्ट सांगत होते, त्यांनी एका साहेबाला कसं रांगेत मागे उभं केलं ती. सांगता सांगता मी त्याच्याकडे पाहिलं. ओठ जरा सुटलेला, डोळे मिटलेले, मान डावीकडे. तो चेहरा. माझ्यापासून हातभर अंतरावर, मध्ये काच नाही. आत एक टिक झाली होती की दोन, मला कळेना. मी वाक्य अर्धवट सोडून थांबले. त्याने मान उचलली नाही. हवा भरणं थांबलं, कप थंड झाला, तरी नाही. माझा आवाज त्याच्या लेखी अजून संपायचा होता, किंवा तो ऐकत होता तो आवाज माझा नव्हताच. विचारलं असतं तर त्याने खरं सांगितलं असतं, म्हणून मी विचारलं नाही. तो मान उचलेपर्यंत बसून राहिले.